तीन आवाजांत लपलेली सात वाद्यं : कमोडोर ६४ च्या गेम-संगीताचा रीमिक्स कसा करावा

माझ्या पहिल्या रीमिक्समध्ये सोळा ट्रॅक होते. तीन थरांचे ड्रम, समूहगानाचे सूर, दोन गिटारी आणि शेवटी उगाचच एक घंटा. मूळ रचना जेमतेम दोन मिनिटांची आणि तीन आवाजांची, म्हणजे एका वेळी तीनच सूर. मित्राला ऐकवली. तो म्हणाला, “भारी आहे रे. पण ती चाल कुठे गेली?”

चाल कुठे जाणार? मी ती आधी नीट ऐकलीच नव्हती. आठवणीत जे गुणगुणत होतो तेच मूळ असं धरून वर इमले चढवत गेलो. जुन्या संगणकाच्या संगीतात तसं करून चालत नाही. तिथे तीन आवाजांत सहा-सात वाद्यांचं काम कोंबलेलं असतं, आणि ती वाद्यं एकेक करून बाहेर काढल्याशिवाय रीमिक्सला हात घालण्यात अर्थ नाही. म्हणून या लेखात कान लावण्यावर भर जास्त आहे, सॉफ्टवेअरवर कमी.

उदाहरण म्हणून कमोडोर ६४ घेतो. हा संगणक आपल्याकडे फारसा आलाच नाही. ऐंशीच्या दशकात इथल्या काही घरांत डीबी स्पेक्ट्रम होता आणि काही शाळांत बीबीसी मायक्रो. कमोडोर गाजला तो ब्रिटन, जर्मनी, नेदरलँड्स, स्कँडिनेव्हिया आणि अमेरिकेत. त्यामुळे माझ्यासारख्यांना हे संगीत भेटलं ते पुढे इम्युलेटरवर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर. त्या काळाबद्दल गळा काढण्याचं कारण आपल्याला नाही, आणि रीमिक्स करताना त्याचा फायदाच होतो.

चिपची तोंडओळख

कमोडोर ६४ बाजारात आला १९८२ मध्ये. त्यातली आवाजाची चिप म्हणजे सिड, मॉडेल क्रमांक ६५८१. ती बॉब यानिस यांनी घडवली. पुढे एन्सॉनिक ही सिंथेसायझर बनवणारी कंपनी काढणाऱ्यांत ते होते. ही चिप एखाद्या वाद्यासारखी का वागते, याचं उत्तर त्यातच आलं.

तिच्यात तीन आवाज आहेत. प्रत्येक आवाज चार प्रकारच्या लहरी काढू शकतो : त्रिकोणी, करवती, पल्स आणि नॉइज (नुसती खरखर). प्रत्येकाला स्वतःचा चढ-उतार असतो, म्हणजे सूर किती वेगाने उमटायचा, कुठे स्थिरावायचा आणि सोडल्यावर किती वेळात विझायचा. चढ २ मिलिसेकंदांपासून ८ सेकंदांपर्यंत ठेवता येतो. फिल्टर मात्र एकच, तिघांत मिळून. रिंग मॉड्युलेशन आणि सिंक या दोन करामती आहेत, त्यांतून धातूसारखे, चिरके आवाज निघतात.

आता रीमिक्ससाठी महत्त्वाची गोष्ट. तीन आवाजांना वेगवेगळा व्हॉल्यूम नाही. सगळ्यांना मिळून एकच, तोही १६ पायऱ्यांचा. म्हणजे पियानोवर आपण एखादा सूर हळू आणि एखादा जोरात दाबतो, तशी सोय इथे नाही. मूळ संगीतकारांनी नजाकत आणली ती सुराची लांबी, कंप आणि लहरीचा पोत बदलून. हे पुढे लक्षात ठेवा.

चिपची दोन भावंडं आहेत : जुनी ६५८१ आणि नंतरची ८५८०. फिल्टरचा आवाज दोघींचा वेगळा. ६५८१ मध्ये तर एका चिपचा फिल्टर दुसऱ्या चिपशी जुळेलच असं नाही. काही रचनांत व्हॉल्यूमची कळ झपाझप वरखाली करून चक्क ध्वनिमुद्रित ड्रम वाजवले आहेत. ते ६५८१ वर दणकून ऐकू येतात, ८५८० वर अगदी क्षीण. इम्युलेटरमध्ये चुकीचं मॉडेल निवडलं तर त्या रचनेचा ठेकाच गायब होतो आणि आपण समजतो की मूळात ड्रम नव्हतेच.

रचना निवडताना

नावाजलेले संगीतकार अनेक आहेत. रॉब हबर्ड, मार्टिन गॉलवे, बेन डॅगलिश, येरून टेल, मॅट ग्रे, टिम फॉलिन, जर्मनीचे ख्रिस ह्युल्सबेक. नव्याने सुरुवात करणाऱ्याने ह्युल्सबेक यांचं ‘द ग्रेट जियाना सिस्टर्स’ (१९८७) किंवा गॉलवे यांचं ‘कॉमिक बेकरी’ ऐकावं. चाल ठसठशीत आहे, ठेका सरळ आहे.

माझी कसोटी साधी. तुकडा दोनदा ऐका, संगणक बंद करा, चहा करायला जा. चहा उकळेपर्यंत चाल गुणगुणता आली, तर ती रीमिक्सला चालेल. नाही आली, तर बहुधा त्या तुकड्याची सगळी गंमत फिल्टरच्या सरकण्यात किंवा आवाजाच्या पोतात आहे. असे तुकडे सुंदर असतात, पण वाद्य बदललं की हातात काही उरत नाही. गॉलवे यांच्या ‘विझबॉल’ (१९८७) मध्ये चाल आणि पोत यांचं असं गूळपीठ आहे की अनुभवी माणूसही तिथे घसरतो.

पुढे समजावण्यासाठी मी हबर्ड यांचं ‘मॉन्टी ऑन द रन’ (१९८५) घेणार आहे. कारण एवढंच की ते वाजवणारा प्रोग्रॅम हौशी लोकांनी ओळ न् ओळ उलगडून समजावला आहे, त्यामुळे आत काय चाललंय हे अंदाजाने सांगावं लागत नाही. तुमचा पहिला रीमिक्स म्हणून मात्र ते घेऊ नका. जवळपास सहा मिनिटांची रचना आहे, वेग प्रचंड आहे आणि आजवर अनेकांनी त्यावर हात आजमावला आहे.

फाइल आणि तिची उकल

हाय व्होल्टेज सिड कलेक्शन नावाचा हौशी लोकांनी जपलेला संग्रह आहे. पन्नास हजारांहून जास्त रचना, संगीतकारांच्या नावानुसार लावलेल्या, आणि फुकट. सोबत टिपांची एक यादी येते. कुठली चाल मुळात कोणाची, कुठे दुसऱ्याची रचना घेतली आहे, हे तिथे सापडतं. ती यादी वाचायचा कंटाळा करू नका. हक्कांच्या भानगडीत तीच उपयोगी पडते.

सिड फाइल हे ध्वनिमुद्रण नसतं. तिच्या आत कमोडोरच्या प्रोसेसरचा खराखुरा प्रोग्रॅम असतो, आणि तो चिपला हुकूम सोडत राहतो. ‘मॉन्टी’चा वाजवणारा भाग सुमारे एक हजार बाइट्सचा आहे, आज आपण फोनवर पाठवतो ती एखादी छोटी इमोजी-चित्रंही त्याहून जड असतात. हा प्रोग्रॅम असल्यामुळेच तीनपैकी हवा तो आवाज बंद करून बाकीचे ऐकता येतात. एमपीथ्रीवरून काम करणारे लोक ही सोय सोडून देतात, का ते मला कळलेलं नाही.

तर पहिलं काम : सिडप्लेएफपी किंवा त्यासारखा प्लेअर घ्या. मॉडेल आणि प्रदेश तपासा. युरोपातल्या रचनांसाठी पाल, म्हणजे सेकंदाला ५० चित्रांचा टीव्ही. मग चार वेव्ह फाइली काढा. एक तिन्ही आवाजांची, आणि एकेक आवाज सुटा ठेवून तीन. या चारही फाइली तुमच्या संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये, रीपर असो की फुकटातलं एलएमएमएस, सगळ्यात वर लावून ठेवा. काम संपेपर्यंत त्या तिथून हलवायच्या नाहीत.

लय मोजायची, अंदाज करायचा नाही

इथे बरेच जण ‘ऐकून साधारण १२५ वाटतंय’ म्हणून पुढे जातात. मग तिसऱ्या मिनिटाला मूळ फाइल आणि त्यांचे ड्रम वेगळ्या वाटांनी जायला लागतात, आणि दोष सॉफ्टवेअरला.

पाल कमोडोरचं घड्याळ सेकंदाला ९,८५,२४८ ठोके देतं. टीव्हीचं एक चित्र पूर्ण व्हायला १९,६५६ ठोके लागतात. भागाकार केला की सेकंदाला ५०.१२५ चित्रं येतात, नेमकी ५० नव्हे. बहुतेक रचनांत वाजवणारा प्रोग्रॅम दर चित्राला एकदाच जागा होतो, त्यामुळे प्रत्येक सुराची लांबी या चित्रांच्या पूर्ण पटीत असते. एका मात्रेला किती चित्रं लागतात ते मोजा आणि ३००७.५ ला त्या आकड्याने भागा. मिनिटाचे ठोके मिळतील.

२४ चित्रांची मात्रा म्हणजे १२५.३१. २० चित्रांची १५०.३७. ३२ चित्रांची ९३.९८. अपूर्णांकातला आकडा तसाच सॉफ्टवेअरमध्ये टाका. १२५.३१ च्या जागी १२५ टाकलं तर तीन मिनिटांत जवळजवळ अर्ध्या सेकंदाचा फरक पडतो. अर्धा सेकंद म्हणजे त्या लयीत पूर्ण एक मात्रा.

आता पट्टी. एकदा मी एका रचनेचे सूर पेटीवर शोधायला बसलो होतो. पांढरी चार लावली, सूर वर जात होता. काळी तीन लावली, खाली पडत होता. पेटी उतरली असेल म्हणून शेजारच्या काकांची पेटी मागून आणली, तरी तेच. अर्धा रविवार गेल्यावर उलगडा झाला. ती रचना अमेरिकी घड्याळाच्या हिशेबाने लिहिलेली होती आणि मी ती युरोपी घड्याळावर वाजवत होतो. अमेरिकी कमोडोरचं घड्याळ सेकंदाला १०,२२,७२७ ठोक्यांचं. तिथली स्वरांची आकडेवारी युरोपी यंत्रावर वाजवली की सगळं साधारण ६५ सेंट उतरतं, म्हणजे अर्ध्या सुराच्या पल्ल्यातलं निम्म्याहून जास्त अंतर. कुठल्याही पेटीवर ते सापडणार नाही.

ताडून बघायची रीत अशी. चिपमध्ये प्रत्येक स्वर म्हणजे एक आकडा असतो. तो घड्याळाच्या वेगाने गुणायचा आणि १,६७,७७,२१६ ने भागायचा की कंपनसंख्या निघते. वाद्यं जुळवायचा ४४० हर्ट्झचा स्वर पाल यंत्रावर ७४९३ या आकड्याने मिळतो. ‘मॉन्टी’च्या सारणीतला सगळ्यात खालचा सी २७८ आहे, म्हणजे ती युरोपी घड्याळासाठीच, ४४० ला धरून लिहिलेली. तिथे गिटार थेट जुळते. जिथे जुळत नाही तिथे मूळ फाइल आपल्या सॉफ्टवेअरमध्ये ताणून पट्टीत आणा आणि मग कामाला लागा. रीमिक्स उतरलेल्या पट्टीत ठेवण्याचा हट्ट करू नका. सोबत वाजवणारा बासरीवाला तुम्हाला शिव्या घालेल.

उतरवून घेणं

खरं काम इथे आहे. माझ्या एकूण वेळातला निम्मा इथेच जातो.

कान चांगला असेल तर सुट्या आवाजांवरून उतरवा. नसेल, किंवा वेग झेपत नसेल, तर सिडडंप नावाचं एक छोटं साधन आहे. गोटट्रॅकर हे सिडसाठीचं संगीत-सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या लासे ओर्नी यांनीच ते लिहिलं आहे. ते सिड फाइल चालवतं आणि प्रत्येक चित्राला चिपमध्ये काय लिहिलं गेलं याची ओळ छापतं : स्वर, लहर, चढ-उतार, पल्सची रुंदी, फिल्टर. पहिल्यांदा बघाल तेव्हा बस डेपोतल्या वेळापत्रकासारखं वाटेल. पण लहरीच्या रकान्यातले चार आकडे पाठ केले की वाचता येतं. ११ म्हणजे त्रिकोणी, २१ करवती, ४१ पल्स, ८१ नॉइज. शेवटचा १ म्हणजे सूर दाबलेला आहे. तो ० झाला, म्हणजे ४१ चा ४० झाला, की सूर सोडला.

आता हा रकाना खाली खाली वाचत जा. एका आवाजात ४१, ४१, ४१ चाललंय, मध्येच दोन-तीन ओळींपुरतं ८१ येतं आणि परत ४१. ते ८१ म्हणजे स्नेअर ड्रमचा फटका. बास वाजवणाऱ्या आवाजाने बास क्षणभर सोडला, ड्रम वाजवला आणि परत बासवर आला. आपला कान मधली फट भरून काढतो, म्हणून ऐकताना दोन वाद्यं वाटतात. रीमिक्समध्ये त्यांना खरोखर दोन वाद्यं करायचं. ड्रमचा वेगळा ट्रॅक, बासचा वेगळा, आणि जिथे ड्रमने बासचा सूर खाल्ला होता तिथे तो सूर तुम्ही भरून द्यायचा. द्यायचाच असंही नाही. कधीकधी त्या खाल्लेल्या सुरामुळेच ठेक्याला उसळी असते. आधी भरून ऐका, मग काढून ऐका.

‘मॉन्टी’त हबर्ड यांनी प्रत्येक वाद्याला तीन खुणा ठेवल्या आहेत. पहिली ड्रमची : सुरुवातीला नॉइजचा तडाखा आणि मग सूर वेगाने खाली कोसळतो. दुसरी हळूहळू खाली घसरण्याची. तिसरी सप्तकाची : दर चित्राला एकदा मूळ स्वर, एकदा वरच्या सप्तकातला, असं आलटूनपालटून. ही तिसरी उतरवताना नवखे लोक हमखास फसतात. डंपमध्ये, म्हणजे सिडडंपने छापलेल्या ओळींत, सेकंदाला पन्नास स्वर दिसतात आणि ते बिचारे पन्नासच्या पन्नास मिडीत (संगणकावरची स्वरांची नोंद) भरत बसतात. तिथे स्वर एकच आहे. त्याला दोन सप्तकांत एकत्र वाजवा, नाहीतर पोताचा भाग समजून सिंथवर सोडा.

याचंच मोठं भावंड म्हणजे अर्पेजिओ. सिडच्या संगीताची ती गुळगुळ आवाजाची ओळखखूणच. एका आवाजाला एका वेळी एकच स्वर काढता येतो, तेव्हा सा, ग, प हे तीन स्वर एकेका चित्राला, म्हणजे २० मिलिसेकंदांना एक, असे फिरवत राहायचं. सेकंदाला सोळा-सतरा फेऱ्या होतात आणि कानाला कॉर्डचा भास होतो. डंपमध्ये पायऱ्या ०-४-७ अशा दिसल्या तर शुद्ध गंधाराची मेजर कॉर्ड, ०-३-७ दिसल्या तर कोमल गंधाराची मायनर. कधी ०-५-९ असंही दिसतं. तीही मेजरच असते, फक्त पंचम खाली घेऊन उलटवलेली. त्यामुळे नुसता पहिला आकडा बघून कॉर्डचं नाव लिहू नका, बास कुठे आहे ते बघा.

एवढं झालं की कागदावर यादी करा. माझ्या वहीत एका रचनेसाठी ती अशी होती : मुख्य चाल, चालीला दिलेलं उत्तर, बास, कॉर्ड, किक, स्नेअर, आणि एक वर जाणारा शिट्टीसारखा सूर जो फक्त कडव्याच्या शेवटी येतो. सात. तीन आवाजांतून सात.

काय ठेवायचं

आपल्याकडे बंदिश एक आणि मांडणी ज्याची त्याची, ही गोष्ट कुणाला समजावून सांगावी लागत नाही. रीमिक्सकडे मी तसंच बघतो. बंदिश कुठली ते आधी ठरवा. मुखडा, बासची चाल आणि एखादी खास हरकत, एवढं बहुतेक वेळा पुरतं. ते हलवायचं नाही. बाकी सगळं तुमचं.

हरकतींकडे मात्र बारीक लक्ष द्या. मिडीत उतरवताना पहिला बळी त्यांचाच जातो. हबर्ड यांच्या चालींत सूर सरळ लागत नाही. खालून मींड घेऊन येतो, थोडा स्थिरावतो आणि मग कंप सुरू होतो. कंप सुरुवातीपासून दिला की सगळं लग्नातल्या बँडसारखं ऐकू येतं. डंपमध्ये बघा, किती चित्रांनंतर कंप सुरू झाला. तेवढाच उशीर तुमच्या गिटारला किंवा व्हायोलिनला द्या.

दुसरी अडचण लांबीची. गेमचं संगीत गोल फिरण्यासाठी लिहिलेलं असतं. खेळणारा कधी मरेल हे ठाऊक नसतं, त्यामुळे शेवट नसतोच, फक्त परत सुरुवात असते. नुसतं दोनदा फिरवून आवाज हळूहळू मिटवला तर ऐकणारा दीड मिनिटात उठतो. दुसऱ्या फेरीत काहीतरी काढून टाका. भर घालण्यापेक्षा हे जास्त परिणाम करतं. ड्रम आणि बास काढून चाल एकट्या पियानोवर ठेवा, मग सगळं परत आणा. शेवट स्वतः लिहा. आणि ‘मॉन्टी’सारखी सहा मिनिटांची रचना असेल तर उलटं काम : दोन भाग निवडा आणि बाकीचं सोडायची हिंमत दाखवा.

इतरांनी काय केलंय तेही ऐका. डेन्मार्कचा प्रेस प्ले ऑन टेप हा रॉक बँड गिटार-ड्रमवर हेच तुकडे वाजवतो. स्वीडनच्या मशिनाए सुप्रेमसीने हेवी मेटलमध्ये सिड घुसवला. मॅट ग्रे यांनी आपल्याच जुन्या रचना नव्याने बांधल्या. आणि हबर्ड यांच्या जन्मगावी, इंग्लंडमधल्या हल इथे, २०१९ मध्ये पूर्ण ऑर्केस्ट्राने कमोडोरचं संगीत वाजवलं. एकच मुखडा चार ठिकाणी ऐका आणि कोणी काय सोडलं त्याची नोंद करा. काय घातलं ते सगळ्यांनाच ऐकू येतं.

जाता जाता एक वैयक्तिक तक्रार. आपण भारतीय म्हणून प्रत्येक रीमिक्समध्ये तबला आणि सतार घालायची जबाबदारी आपल्यावर आहे, असं काही नाही. तबला वाजवणारा मित्र असेल आणि त्या ठेक्यात केरवा खरंच बसत असेल तर जरूर. तयार लूप उचलून वर पसरायचा असेल तर राहू दे.

वाद्यं चढवताना

सिडला आवाजागणिक व्हॉल्यूम नसल्यामुळे उतरवलेल्या मिडीत सगळे सूर एकाच जोराने वाजतात. ते तसेच पियानो किंवा व्हायोलिनला दिले की शिवणयंत्र चालू झाल्यासारखं वाटतं. मात्रेची सम जोरात, मधले सूर हलके, वाक्याचा शेवट उतरता, हे हाताने करावं लागतं. सॉफ्टवेअरचं ‘ह्यूमनाइझ’ बटण दाबून हे होत नाही. ते फक्त सगळ्यांना सारखं लंगडवतं. जमत असेल तर मुख्य चाल कीबोर्डवर स्वतः वाजवून भरा, चुका राहिल्या तरी चालतील.

सिडसारखा पोत हवा असेल तर सर्ज एक्सटी किंवा व्हायटल हे फुकट मिळणारे सिंथ पुरेसे आहेत. पल्स लहर घ्या आणि तिची रुंदी सावकाश फिरवत ठेवा. चिपमध्ये ही रुंदी ० ते ४०९५ असते, मधोमध २०४८ ला चौकोनी लहर मिळते. स्थिर चौकोनी लहर लावून ‘एट-बिट आवाज’ म्हणणाऱ्यांनी सिड ऐकलेला नाही. त्याचा जिवंतपणा या सतत सरकणाऱ्या रुंदीत आहे.

अर्पेजिओचं मी असं करतो : कॉर्ड खऱ्या वाद्यावर, स्ट्रिंग्ज किंवा गिटारवर, लांब धरून. आणि मूळ गुळगुळणारा अर्पेजिओ त्याच्या मागे, जेमतेम ऐकू येईल इतका. माहीतगाराला तो ओळखू येतो, नवख्याला नुसती चमक जाणवते. संपूर्ण मूळ फाइल मात्र खाली वाजवत ठेवू नका. ती चोरवाट लगेच पकडली जाते.

मिक्सबद्दल थोडंच. मूळ आवाज मोनो आहे, त्यामुळे सगळं डाव्या-उजव्या टोकांना फेकायचा मोह होतो. किक, बास आणि मुख्य चाल मध्येच ठेवा. सिडची करवती आणि पल्स लहर वरच्या भागात टोचते, दोन ते पाच किलोहर्ट्झच्या आसपास थोडी कापा म्हणजे गिटारला जागा होते. आवाज कमाल पातळीला चिकटवून चपटा करू नका. स्ट्रीमिंगवाले बहुतेक तो उणे १४ एलयूएफएसच्या (आवाजाचा जोर मोजायचं एकक) आसपास खाली आणतातच. स्वस्तातल्या इअरफोनवर एकदा आणि रिक्षात फोनच्या स्पीकरवर एकदा ऐका. बास रिक्षात नाहीसा होत असेल तर त्याला थोडा खरखरीतपणा द्या.

हक्क

जुनं आहे म्हणून फुकट आहे, हा गैरसमज इथे सगळ्यात जास्त. संगीतकाराच्या हयातीनंतर भारतात ६० वर्षं आणि ब्रिटनमध्ये ७० वर्षं हक्क राहतो. हबर्ड, गॉलवे हयात आहेत. डॅगलिश २०१८ मध्ये गेले. म्हणजे यातलं काहीही आपल्या हयातीत मोकळं होणार नाही.

शिवाय गाठ कधी दुहेरी असते. ‘मॉन्टी’ची सुरुवात हबर्ड यांनी चार्ल्स विल्यम्स यांच्या ‘डेव्हिल्स गॅलप’वरून सुचल्याचं सांगितलं आहे; ती बीबीसीवरच्या डिक बार्टन या श्रुतिका-मालिकेची धून. हबर्ड यांच्याच ‘कमांडो’त कॅपकॉमच्या मूळ आर्केड खेळातली चाल आहे. कधी हक्क संगीतकाराकडे, कधी गेमच्या कंपनीकडे, आणि कंपनी तीनदा विकली गेलेली. विनामूल्य, श्रेय देऊन टाकलेले चाहत्यांचे रीमिक्स या क्षेत्रात वर्षानुवर्षं चालत आले आहेत आणि अनेक संगीतकार त्याकडे कौतुकाने बघतात. पण कौतुक म्हणजे परवाना नव्हे. पैसे घेणार असाल, जाहिरातीत किंवा फिल्ममध्ये वापरणार असाल, तर आधी लेखी परवानगी. ख्रिस अ‍ॅबट यांनी १९९७ मध्ये ‘बॅक इन टाइम’ ही रीमिक्सची सीडी काढली, तेव्हापासून संगीतकारांना विचारून, त्यांना वाटा देऊन काम करण्याची एक चांगली वहिवाट इथे आहे. विचारायला लाजू नका. विनम्र, दोन परिच्छेदांची मेल पुरते. सोबत रीमिक्सची फाइल जोडा, म्हणजे समोरच्याला कळतं की तुम्ही काम केलेलं आहे.

बाहेर काढण्याआधी

आठ दिवस फाइल उघडू नका. मग त्या वर लावलेल्या चार वेव्ह फाइलींपैकी पहिली, तिन्ही आवाजांची, तुमच्या रीमिक्सबरोबर लावा आणि दर दहा सेकंदांनी एक बंद करून दुसरी चालू करा. जिथे जिथे मूळ ऐकताना हायसं वाटतं, तिथे तुमच्या रीमिक्समध्ये काहीतरी जास्त आहे. त्या जागा वेळेसकट लिहून काढा. माझ्याकडे पहिल्या वेळी अशा अकरा जागा निघाल्या होत्या, आणि त्यांतल्या नऊ ठिकाणी दोषी होती ती घंटा किंवा समूहगान.

मग फाइलच्या टॅगमध्ये मूळ संगीतकार, गेमचं नाव, साल आणि यंत्र लिहा, आपलं नाव ‘रीमिक्स’ या शब्दापुढे. रीमिक्स क्वेड या अशा रीमिक्सच्या संकेतस्थळासारख्या जागी पाठवणार असाल तर तिथे निवड होते. नाकारलं तर वाईट वाटून घेऊ नका, बहुधा ठेका किंवा मिक्स कच्चा असतो. तीन सुटे आवाज, मोजलेली लय आणि वाद्यांची यादी मात्र त्याच फोल्डरमध्ये राहू द्या. दुसऱ्या खेपेला सुरुवात तिथूनच करायची असते.